सोडलेल्या कासवांचं पुढे काय झालं?

प्राणी निसर्गात सोडल्याच्या बातम्यांचा एक ठरलेला साचा असतो. नदीकाठ, प्लास्टिकचे टब, टबात पिल्लं, एखादे पाहुणे, आणि मथळ्यात आकडा: आज इतकी पिल्लं सोडली. आकडा बहुतेक वेळा खराच असतो. पण हिशेबाच्या वहीत तो खर्चाच्या बाजूला लिहायचा आकडा आहे. जमेच्या बाजूला काय आलं, म्हणजे त्यातली किती जगली, किती मोठी झाली, किती जणींनी अंडी घातली, हे कळायला दहा-पंधरा वर्षं लागतात. तोपर्यंत पाहुणे, बातमीदार आणि बऱ्याचदा प्रकल्पाचा निधीसुद्धा निघून गेलेला असतो.

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींकडून मला वरचेवर एक वाक्य ऐकू येतं: "सोडल्यानंतर दोन वर्षं निरीक्षण करणार." कासवाच्या बाबतीत या वाक्यात काय अडचण आहे, ते समजून घ्यायला पाठ्यपुस्तकापेक्षा इतिहास जास्त उपयोगी पडतो. म्हणून आज एकाच कासवाची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. ती घडते पश्चिम ऑस्ट्रेलियात, पर्थ शहराच्या वेशीवर.

तिथे एक छोटंसं दलदली कासव आहे. शास्त्रीय नाव स्यूडेमिड्युरा अंब्रिना, इंग्रजीत वेस्टर्न स्वॅम्प टॉर्टॉइज. नावात टॉर्टॉइज असलं तरी हे गोड्या पाण्यातलं कासव आहे. ऑस्ट्रेलियात पूर्वी अशा कासवांनाही सरसकट टॉर्टॉइजच म्हणत. पूर्ण वाढलेला नर फार तर पंधरा सेंटिमीटरचा, मादी त्याहून लहान. वजन अर्धा किलोच्या आसपास. लुडविग प्राइस नावाच्या जर्मन संग्राहकाने १८३९ मध्ये याचा एक नमुना गोळा केला. तो व्हिएन्नाच्या संग्रहालयात पोचला आणि तिथे नाव न मिळता कित्येक वर्षं पडून राहिला. १९०१ मध्ये झीबेनरॉक या तज्ज्ञाने त्याला शास्त्रीय नाव दिलं. तेव्हा प्राण्याचं नाव होतं, एक नमुना होता, पण जिवंत प्राणी कोणाला ठाऊक नव्हता.

मग १९५३ साल उजाडलं. पर्थमधल्या एका निसर्गविषयक प्रदर्शनात एका शाळकरी मुलाने आपलं पाळलेलं कासव आणलं. ते नेहमीच्या लांब मानेच्या कासवासारखं नव्हतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या संग्रहालयातले लुडविग ग्लाउअर्ट यांनी ती नवी जात समजून १९५४ मध्ये तिला नवीन नाव दिलं. पुढे १९५८ मध्ये एर्नेस्ट विल्यम्स यांनी दाखवून दिलं, की हा व्हिएन्नातल्या नमुन्याचाच भाऊबंद आहे. शंभराहून जास्त वर्षं ज्याची नोंद नव्हती ते कासव शहराच्या कडेच्या शेतजमिनीत सुखाने (खरं तर कसंबसं) राहत होतं.

सरकारने तुलनेने लवकर पावलं उचलली. १९६२ मध्ये दोन दलदलीचे तुकडे राखीव केले: एलन ब्रूक आणि ट्विन स्वॅम्प्स. दोन्ही एकमेकांपासून फार दूर नाहीत. ट्विन स्वॅम्प्स आकाराने मोठा, आणि सुरुवातीला कासवंही तिथे जास्त होती. एलन ब्रूक लहान, पण चिकणमातीचा.

आता या गोष्टीतला संशोधनाच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचा माणूस येतो. अँड्र्यू बर्बिज हा साठच्या दशकात पर्थच्या विद्यापीठात पीएचडी करत होता. विषय: नैऋत्य ऑस्ट्रेलियातली कासवं. प्रबंध १९६७ चा. हे काम झालं तेव्हा कोणीही पिल्लं सोडण्याचा विचार करत नव्हतं. बर्बिजने कासवं पकडली, मोजली, खुणा केल्या आणि परत जागेवर सोडली. पुढे तो सरकारी वन्यजीव संशोधनात गेला आणि ही मोजदाद थांबली नाही. त्याचा या कासवावरचा मोठा शोधनिबंध आला १९८१ मध्ये, म्हणजे प्रबंधानंतर चौदा वर्षांनी. आपल्या गाईडला दाखवण्यासारखा आकडा आहे हा.

खूण कशी करायची, हा प्रश्न तेव्हापर्यंत सुटलेला होता. कासवाच्या पाठीच्या कडेने छोट्या छोट्या ढाली असतात. त्यांना क्रमांक ठरवून द्यायचे आणि ठराविक ढालींवर कानशीने बारीक खाच पाडायची. खाचांच्या जागांवरून प्रत्येक कासवाचा स्वतंत्र नंबर तयार होतो. ही पद्धत फ्रेड केगल याने १९३९ मध्ये मांडली. साधन स्वस्तातलं, खूण टिकते कित्येक वर्षं. नंतर कातडीखाली घालायच्या पिट टॅग चिप आल्या, पण आजही अनेक ठिकाणी चिपच्या जोडीला खाच असतेच, कारण रीडरची बॅटरी संपली तरी खाच वाचता येते. अमेरिकेत ल्युसिल स्टिकेल या बाईंनी चाळीसच्या दशकात बॉक्स टर्टलच्या पाठीवर दोऱ्याचं रीळ बसवलं होतं. कासव चालेल तसा दोरा सुटत जातो आणि त्याने कुठून कुठे वळण घेतलं ते जंगलात दोरा धरून बघता येतं. जीपीएसच्या जमान्यात हे वाचताना हसू येतं, पण झुडपाखालची दहा मीटरची नागमोडी वाट जीपीएस इतकी नीट दाखवत नाही.

तर, पर्थकडे परत. बर्बिज आणि नंतरच्या लोकांच्या नोंदींतून सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत एक चमत्कारिक गोष्ट समोर आली. जास्त कासवं असलेल्या, मोठ्या ट्विन स्वॅम्प्समधली कासवं कमी कमी होत जवळपास संपली. लहानसा एलन ब्रूक मात्र तग धरून राहिला. साठच्या दशकात फक्त एकदा मोजणी करून कोणी सांगितलं असतं, की पैसा ट्विन स्वॅम्प्सवर लावा, तर ते तेव्हा अगदी शहाणपणाचं वाटलं असतं. अडचण पाण्याची होती. हे कासव हिवाळा आणि वसंतात, दलदलीत पाणी असतं तेवढेच महिने खातंपितं: पाणकिडे, बेडकांची पिल्लं, बारीक कवचधारी जीव. उन्हाळ्यात दलदल सुकली की ते जमिनीतल्या बिळात किंवा पाल्यापाचोळ्याखाली महिनोन्‌महिने पडून राहतं. पिल्लाला पहिल्या उन्हाळ्याच्या आत पुरेसं वजन करावं लागतं. पाऊस कमी झाला, पाणी लवकर आटलं, की ती मुदत चुकते. नैऋत्य ऑस्ट्रेलियातला पाऊस सत्तरच्या दशकापासून साधारण १५ ते २० टक्क्यांनी घटला आहे. प्रौढ कासवं तशा वर्षातून निभावतात. पिल्लं निभावत नाहीत. त्यामुळे बाहेरून बघणाऱ्याला "कासवं आहेत की" असं वाटत राहतं आणि आतून पिढी तुटलेली असते. त्यात युरोपियनांनी आणलेले कोल्हे होतेच.

१९८७ पर्यंत जगातली सगळी मिळून पन्नासही उरली नव्हती. त्या सुमारास गेराल्ड कुखलिंग या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने पर्थच्या प्राणिसंग्रहालयात प्रजननाचं काम हाती घेतलं. तिथे आधीपासून काही कासवं होती, पण पिल्लं होत नव्हती. कुखलिंगने सोनोग्राफीने माद्यांच्या अंडाशयात काय चाललंय ते बघायला सुरुवात केली, आहार आणि हाताळणी बदलली, आणि पिल्लं होऊ लागली. मादी एका वेळी तीन ते पाच अंडी घालते, त्यामुळे हे काम झटपट आकडे देणारं नव्हतं. ठरलं असं, की पिल्लू साधारण १०० ग्रॅमचं झालं की सोडायचं. त्याला तीनएक वर्षं लागतात. १९९४ पासून ट्विन स्वॅम्प्समध्ये पिल्लं सोडायला सुरुवात झाली. त्याआधी कोल्हे आत येऊ नयेत म्हणून कुंपण घातलं आणि पाऊस कमी पडला तर दलदलीत बोअरचं पाणी सोडण्याची सोय केली.

इथे थांबून एक गोष्ट बघा. आता ट्विन स्वॅम्प्समध्ये सोडलेली पिल्लं जगली, तर श्रेय कोणाला? पिल्लाच्या १०० ग्रॅम वजनाला, कुंपणाला की बोअरच्या पाण्याला? तिन्ही एकदम केलं, कारण प्राणी वाचवायचा होता, प्रयोग करायचा नव्हता. संवर्धनात हे असंच होतं, आणि त्यात चूक काही नाही. पण निष्कर्ष लिहिताना "पुनर्प्रस्थापन यशस्वी" असं लिहिण्याआधी हे तिन्ही धागे वेगळे करायचा प्रयत्न तरी दिसायला हवा. इथे तो करता येतो, कारण कुंपणाआधीच्या, पाण्याआधीच्या, पिल्लं सोडण्याआधीच्या तीसएक वर्षांच्या नोंदी हाताशी आहेत.

आता गणिताकडे वळू. घाबरू नका, बेरीज-गुणाकाराच्या पुढे जाणार नाही.

समजा तुम्ही ५० कासवं सोडली आणि पुढच्या हंगामात ३० दिसली. किती जगली? पहिलं उत्तर येतं: ३०, म्हणजे ६० टक्के. पण दलदलीत असलेल्या दर दहा कासवांपैकी तुमच्या सापळ्यात सहाच येत असतील, तर ५० च्या ५० जिवंत असूनही तुम्हाला ३०च दिसतील. म्हणजे ३० या आकड्यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत: जगण्याची शक्यता आणि दिसण्याची शक्यता. त्या एका वर्षाच्या मोजणीतून वेगळ्या होत नाहीत, कितीही सॉफ्टवेअर वापरा. वेगळ्या होतात त्या तिसऱ्या मोजणीनंतर. दुसऱ्या वर्षी न दिसलेलं कासव क्रमांक १७ तिसऱ्या वर्षी दिसलं, की आपल्याला खात्रीने कळतं की दुसऱ्या वर्षी ते जिवंत होतं आणि आपल्याला चुकवून बसलं होतं. अशी "चुकवून बसलेली" किती निघतात यावरून दिसण्याची शक्यता काढायची, आणि मग जगण्याची. १९६४-६५ मध्ये कॉरमॅक, जॉली आणि सेबर यांनी स्वतंत्रपणे या विचाराला नीट गणिती रूप दिलं; आज तुम्ही आर मध्ये पॅकेज चालवता तेव्हा मुळाशी तेच असतं. आपल्या "दोन वर्षं निरीक्षण" योजनेत शेवटच्या वर्षाचा जगण्याचा दर कधीच वेगळा काढता येत नाही, याचं कारणही हेच.

दुसरी अडचण याहून चिवट आहे. अमेरिकेत मिशिगनमधल्या ई. एस. जॉर्ज राखीव क्षेत्रात १९५० च्या दशकापासून कासवांवर खुणा करून नोंदी ठेवल्या आहेत. त्यावरून जस्टिन काँगडन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये ब्लँडिंग्ज टर्टलचं आयुष्यमान मांडलं. मादी पहिली अंडी घालते वयाच्या १४ ते २० व्या वर्षी. आणि प्रौढ माद्यांपैकी वर्षाला सुमारे ९६ टक्के जगतात. हा ९६ आकडा वाढवून सांगितलेला नाही. कासवाचं सगळं गणितच त्यावर उभं आहे. घरटी बहुतेक लुटली जातात, पिल्लं मरतात, पण मादी वर्षानुवर्षं टिकते आणि कधीतरी एखादं वर्ष साधतं. आता हा दर ९६ वरून ९० वर आला तर? ९६ टक्क्यांनी दहा वर्षांनंतर शंभरातल्या ६६ उरतात. ९० टक्क्यांनी ३५. पहिलं कदाचित टिकेल, दुसरं संपण्याच्या वाटेवर आहे. पण तुमच्याकडे ५० कासवं असतील, तर वर्षभरात फरक किती? एका परिस्थितीत दोन मेली, दुसरीत पाच. एखादा कोल्हा, एखादी मोटारगाडी, एखादा कोरडा महिना एवढ्याने दोनाचे पाच होतात. म्हणजे जो फरक कासवांच्या जगण्यामरण्याचा आहे, तो एका वर्षाच्या नोंदीत योगायोगापासून वेगळा ओळखताच येत नाही.

याच काळात पिल्लं वाढवून सोडण्याच्या कल्पनेवरच अमेरिकेत मोठा वाद झाला. नॅट फ्रेझर यांनी १९९२ मध्ये समुद्री कासवांच्या संदर्भात याला अर्धवट तंत्रज्ञान म्हटलं: मूळ कारण तसंच ठेवून आपण पिल्लांची संख्या वाढवत बसतो. चार वर्षांनी सेलिना हेपल आणि सहकाऱ्यांच्या गणिताने दाखवलं, की मोठी कासवं मरत असतील तर पिल्लं वाढवून सोडण्याने ती भरपाई होत नाही. मला हा वाद पूर्णपणे एका बाजूने पटत नाही. पर्थच्या कासवाकडे बघितलं तर पिल्लं सोडली नसती तर कुंपण घालून राखायला काही उरलंच नसतं. पण ट्विन स्वॅम्प्समध्ये कुंपण आणि पाणी आधी आलं आणि पिल्लं नंतर, हा क्रम विसरता कामा नये.

आपल्याकडचं उदाहरण याच्या अगदी उलट टोकाचं आहे. १९८६ मध्ये गंगा कृती योजना सुरू झाली. वाराणसीत अर्धवट जळलेली प्रेतं नदीत जात, ती खाण्यासाठी मऊ पाठीची मांसाहारी कासवं सोडायची ठरलं. चंबळ आणि परिसरातून अंडी आणून सारनाथ इथे पिल्लं वाढवली. १९८९ मध्ये रामनगर किल्ला ते मालवीय पूल हा नदीचा सातएक किलोमीटरचा पट्टा कासव अभयारण्य झाला. हजारो पिल्लं सोडली गेली. २०२० मध्ये ते अभयारण्य रद्द करून नवं अभयारण्य प्रयागराज-मिर्झापूर-भदोही पट्ट्यात केलं. सोडलेल्यांपैकी किती जगली, या प्रश्नाला ठाम आकडा देणारी मालिका मात्र उभी राहिली नाही. यामागे निव्वळ हलगर्जीपणा होता असं म्हणणं सोपं आहे. पण कामही कठीण होतं: मऊ पाठीच्या कासवाला कडेच्या कडक ढाली नसतातच, त्यामुळे केगलची खाच तिथे चालत नाही, गंगेचं पाणी गढूळ, प्रवाह मोठा, आणि पिल्लाला सात किलोमीटरची सरकारी हद्द कळत नाही. तरीही उद्देश "प्रेतं खाणारी यंत्रणा" असा ठरला की पिल्लाचं पुढे काय झालं हा प्रश्न विचारायची गरज कोणाला वाटेनाशी होते, असं मला वाटतं. मोजमाप उद्देशामागून चालतं.

अलीकडे चित्र बदलतंय. सुंदरबनात बाटागुर बास्का हे नदीमुखातलं कासव संपल्यात जमा होतं. २००८ मध्ये सजनेखाली इथल्या तळ्यात काही कासवं सापडली, त्यांच्यापासून पैदास झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये दहा कासवं पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर लावून सोडली. काही आठवड्यांतच त्यातली काही सीमा ओलांडून बांगलादेशाच्या पाण्यात गेली. दहा म्हणजे लहान आकडा, पण "ती कुठे जातात" याचं उत्तर हजार बिनखुणेच्या पिल्लांनी कधी दिलं नसतं. आपल्या कोकणातही त्याच महिन्यात वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेला असा ट्रान्समीटर लागला. तो समुद्री आणि मूळचाच रानटी प्राणी, त्यामुळे गोष्ट वेगळी. पण पिल्लं मोजण्यापासून कासवामागे जाण्यापर्यंतचा प्रवास तोच.

ट्रान्समीटर म्हटलं की एक व्यवहारी प्रश्न येतो. साधारण संकेत असा, की यंत्राचं वजन प्राण्याच्या वजनाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावं. पर्थच्या १०० ग्रॅमच्या पिल्लाला म्हणजे ५ ग्रॅम, चिकटवायच्या पदार्थासकट. ५ ग्रॅममध्ये बॅटरी छोटी बसते आणि काही महिन्यांत संपते. त्यामुळे रेडिओ सांगतो सोडल्यानंतरच्या पहिल्या हंगामाची गोष्ट: पिल्लू पाण्यात राहिलं का, उन्हाळ्यात लपायला जागा सापडली का. पुढच्या वीस वर्षांसाठी खाच आणि सापळाच. प्रस्ताव लिहिताना दोन्हींचं बजेट वेगळं मांडा. नुसत्या ट्रान्समीटरच्या किमतीवर समितीचं लक्ष जातं आणि दरवर्षी दलदलीत उतरणाऱ्या माणसाचा पगार कोणी विचारत नाही.

पर्थची गोष्ट अजून चालू आहे. पाऊस परत येण्याची चिन्हं नाहीत, म्हणून निकोला मिचेल आणि सहकाऱ्यांनी कासवाची ऊर्जेची गरज आणि दलदलीतलं पाणी किती दिवस टिकतं, या दोन्हींची गणितं जोडून नकाशावर शोध घेतला: पुढच्या काही दशकांत हे कासव कुठे जगू शकेल? उत्तर आलं दक्षिणेकडे, जिथे हे कासव कधी राहत असल्याची नोंदच नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये पर्थच्या दक्षिणेला दूरवरच्या दोन पाणथळ जागी मिळून २४ पिल्लं सोडली गेली. मूळ घराच्या बाहेर, हवामान बदलामुळे, मुद्दाम. पाणी तिथे भरपूर. शंका थंडीची: पाणी गार असेल तर कासव कमी खातं आणि हळू वाढतं. म्हणून तिथे निरीक्षकांच्या हातात सापळ्याइतकाच वजनकाटा आणि तापमापक महत्त्वाचा होता.

ती पिल्लं सोडताना साधारण तीन वर्षांची असणार. या जातीची मादी वयात येते आठ ते पंधराव्या वर्षी, थंड जागी त्याहूनही उशिरा येऊ शकते. म्हणजे त्यांच्यातल्या माद्या अंडी घालण्याचा काळ २०२१ पासून २०२८ च्या पलीकडेपर्यंत पसरतो. घातलेली अंडी जमिनीत उन्हाळा काढतात आणि गारवा आल्यावर फुटतात. बाहेर येणारं पिल्लू जेमतेम काही ग्रॅमचं असतं, त्याच्या पाठीवर अजून कोणी खाच पाडलेली नसते. दक्षिणेतल्या दलदलीत उतरणारी माणसं आता अशाच, खाच नसलेल्या पिल्लाच्या शोधात आहेत.